झीट आणि फेफरे : एका जुन्या भेदाची कथा



आमच्या जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत चालता-बोलता माणूस भान हरपून पडला, तर त्या प्रकारास निदान सहा-सात नावे आहेत. घेरी येते, भोवळ येते, झीट येते, मूर्च्छा येते. आणि दुसऱ्या बाजूस आकडी येते, घुरे येते, फेफरे येते. जुनी माणसे हे शब्द एकमेकांच्या जागी वापरीत नसत. उन्हात नांगर धरणाऱ्यास भोवळ येई, उपाशी बाईस झीट येई आणि तोंडास फेस येऊन हातपाय झाडणाऱ्यास फेफरे येई. मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. तीत हे शब्द निरनिराळ्या अर्थांनी नोंदलेले पहावयास मिळतात. हल्ली या सर्वांच्या जागी 'चक्कर' आणि 'फिट' एवढे दोनच शब्द उरले असून त्यांतला दुसरा तर इतका सैल झाला आहे, की उन्हाने कोसळलेल्या पोरासही तो बेलाशक चिकटविला जातो. शब्दांची ही गरिबी केवळ भाषेपुरती असती तर मी आज आपला वेळ घेतला नसता. परंतु एका शब्दाच्या चुकीने एका मुलीचे काय झाले ते मी जवळून पाहिले आहे आणि त्या चुकीत माझा स्वतःचा वाटा आहे.

गोष्ट १९८४ सालच्या महाराष्ट्र दिनाची. मी तेव्हा घोडेगावच्या पश्चिमेस, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका शाळेत शिक्षक होतो. एक मे म्हणजे झेंडावंदन आणि वार्षिक निकाल, दोन्ही एकाच सकाळी. पाहुणे उशिरा आले. मुले पटांगणात तासभर उन्हात उभी. आठवीतली एक मुलगी वरच्या वाडीतून दोन कोस चालत आली होती. हिरड्याचे दिवस, पहाटे उठून आईबरोबर हिरडा वेचून ती तशीच न खाता निघालेली. राष्ट्रगीत सुरू होण्याच्या बेतास तिचा चेहरा पांढराफटक पडला, ती डोळे चोळू लागली आणि खाली कोसळली.

आम्ही दोघा शिक्षकांनी धावत जाऊन तिला उचलले आणि खुर्चीवर बसविले. मान लुळी पडत होती म्हणून एकाने ती मागून धरून ताठ ठेविली. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला. कोणी पायातली वहाण पुढे केली. तशात तिच्या हातांना झटके येऊ लागले, डोळे वर गेले. "फेफरे!" असे गर्दीतून कोणीसे म्हणाले आणि तो शब्द पटांगणभर झाला. मी तिला खुर्चीवरून सतरंजीवर निजविले तेव्हा काही क्षणांतच तिने डोळे उघडले आणि मला विचारले, "गुरुजी, झेंडा झाला का?"

हा प्रश्न श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. मी तो सात वर्षे विसरलो होतो.

आता थोडे मागे, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षे मागे जावयाचे आहे. त्या काळी आमचे जुन्नर ही सातवाहनांच्या राज्यातली मोठी बाजारपेठ होती. कोकणातल्या बंदरांवरून माल नाणेघाटाने वर येई. तेथील लेण्यातला नागनिका राणीचा कोरीव लेख आणि घाटमाथ्यावरचा जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण आजही उभा आहे. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत जी बौद्ध लेणी आहेत त्यांत तीन दात्यांनी आपणांस 'यवन' म्हणविले आहे : इरिल, चिट आणि चंद. इरिलाने पाण्याची दोन टाकी दिली, चिटाने संघासाठी भोजनमंडप दिला. हे लेख पंडित भगवानलाल इंद्रजी आणि बर्जेस यांनी १८८१ साली छापून प्रसिद्ध केले.

या यवनांच्या मूळ देशात, ख्रिस्तापूर्वी चारशेच्या सुमारास, हिपोक्रेटिसच्या नावावर मोडणारा एक लहानसा ग्रंथ लिहिला गेला होता. फेफऱ्यास ग्रीक लोक 'पवित्र रोग' म्हणत. त्या ग्रंथकाराने ठणकावून सांगितले, की हा रोग इतर रोगांहून काडीमात्र अधिक पवित्र नाही, त्याचे मूळ मेंदूत आहे आणि ज्यांना त्यातले काही कळत नाही तेच देवाच्या नावाआड दडतात. पुढे रोमन लोकांत तर सभेत कोणास फेफरे आले की अपशकुन समजून ती सभाच बरखास्त करीत. म्हणून तेथे त्यास 'सभेचा रोग' असेच नाव पडले. विवेकाचा ग्रंथ आणि अपशकुनाची रूढी एकाच संस्कृतीत शेजारी-शेजारी नांदत होती. आपणांस त्यांना हसण्याचे कारण नाही.

आमच्याकडे त्याच शतकांच्या आसपास चरकसंहिता आजच्या रूपास येत होती. मी वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंतच्या संस्कृताच्या बळावर आणि भाषांतराच्या काठीने मी चरक आणि सुश्रुत वाचले. वाचताना मला जे सापडले त्याने मी चकित झालो. चरकाने सूत्रस्थानाच्या चोविसाव्या अध्यायात मद, मूर्च्छा आणि संन्यास अशा तीन चढत्या पायऱ्या सांगितल्या आहेत. मूर्च्छा येणाऱ्यास आधी आकाश निळे, काळे अथवा तांबूस दिसू लागते, मग अंधारी येते आणि तो लवकर शुद्धीवर येतो. दुसऱ्या एका प्रकारात माणूस शुद्धीवर येतो तो घामाने डबडबलेला असतो. माझी विद्यार्थिनी डोळे का चोळीत होती ते मला तेथे कळले. मद आणि मूर्च्छा दोषांचा वेग ओसरला की आपोआप शमतात, संन्यास मात्र औषधावाचून शमत नाही, असेही चरक म्हणतो. म्हणजे कांद्याचे आणि वहाणेचे यश कशात आहे ते उघडच आहे. झीट आपली आपणच उतरते आणि त्या वेळी नाकाशी जे असेल त्यास श्रेय मिळते! वस्तुतः तीक्ष्ण नस्य, धूर, सुया टोचणे, केस ओढणे असे कठोर उपाय चरकाने संन्यासासाठी, म्हणजे न उतरणाऱ्या गाढ बेशुद्धीसाठी सांगितले होते. आम्ही ते साध्या झिटेवर आणून बसविले.

परंतु खरे महत्त्वाचे वाक्य त्याच अध्यायात आहे. तिन्ही दोषांनी मिळून येणारी मूर्च्छा अपस्मारासारखीच येऊन माणसास झटकन पाडते, परंतु तीत अपस्मारातल्या बीभत्स चेष्टा नसतात, असे चरकाने म्हटले आहे. दात खाणे, फेस येणे, अंग वाकडेतिकडे होणे या त्या चेष्टा. दोन प्रकार एकमेकांसारखे दिसतात आणि त्यांचा घोटाळा होऊ शकतो हे त्या जुन्या वैद्यास पुरते ठाऊक होते. सुश्रुताने तर मूर्च्छेचे जे सहा प्रकार सांगितले त्यांत एक रक्ताचा आहे : रक्ताच्या वासानेच काही माणसे मूर्च्छित होतात. टोचणी घेताना अथवा जखम पाहून धाडकन पडणारे धट्टेकट्टे तरुण आपण सर्वांनी पाहिले आहेत. पुढे सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास माधवकराने 'माधवनिदान' रचले, तेव्हा मूर्च्छेस एक प्रकरण दिले आणि अपस्मारास निराळे दिले.

अपस्माराविषयी चरकाची आणखी एक सूचना सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. अशा रोग्यास पाणी, अग्नी, झाड, डोंगर आणि अवघड जागा यांपासून सदैव जपावे, कारण ती त्याचे तत्काळ प्राण घेतात. आमच्या तालुक्यांत कठडे नसलेल्या विहिरी किती आणि जमिनीलगतच्या चुली किती! माझ्या पाहण्यातला एक तरुण मोटारपंप चालू करावयास विहिरीत उतरला तो वर आलाच नाही. त्यास अधूनमधून आकडी येते हे घरच्यांस ठाऊक होते. परंतु बोभाटा होईल म्हणून त्यांनी ते भावकीसही कळू दिले नव्हते. त्यामुळे त्यास एकट्याने विहिरीवर पाठवू नये हे कोणास सुचलेच नाही.

इतके निरीक्षण असताना समाजात मात्र बाधा, झपाटणे, बाहेरचे वारे याच कल्पना बळावल्या. नटराजाच्या पायाखाली जो खुजा पुरुष दडपलेला असतो त्याचे नावच अपस्मार. तेथे तो अज्ञानाचे प्रतीक आहे. परंतु लोकांनी रोगासच राक्षस समजून रोग्यास चाबकाचे फटके दिले, धुरी दिली. महाराष्ट्रात अशा अघोरी उपायांविरुद्ध कायदा झाला तो २०१३ साली.

जुन्नरचा आणि औषधांचा आणखी एक संबंध आहे, तो अलीकडचा. डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे कंपनी सरकारचे शल्यवैद्य १८३८ ते १८४७ या काळात दापोडीच्या सरकारी वनस्पती-उद्यानाचे प्रमुख होते. त्यांनी जुन्नरजवळ हिवरे येथे बाग राखून औषधी वनस्पतींची लागवड केली आणि तेथून मुंबई इलाख्याच्या औषधभांडारास माल जाऊ लागला. ज्या मातीत आज द्राक्षे आणि टोमॅटो पिकतात तेथे एके काळी सरकारी दवाखान्यांची औषधे पिकत होती, हे आमच्या तालुक्यात फारच थोड्यांस ठाऊक आहे. फेफऱ्यावर मात्र त्या काळी कोणत्याच बागेत खात्रीचे औषध नव्हते. ते आले १८५७ साली, म्हणजे ज्या वर्षी मोल्सवर्थचा कोश नव्याने निघाला त्याच वर्षी. राणी व्हिक्टोरियाचे प्रसूतिवैद्य सर चार्ल्स लोकॉक यांनी लंडनच्या वैद्यसभेत पोटॅशियम ब्रोमाइडचा गुण सांगितला. १८७३ च्या सुमारास ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी फेफऱ्याची व्याख्या बांधली : मेंदूच्या करड्या भागातून एकाएकी होणारा अतिरेकी विद्युत्-विसर्ग. १९१२ साली हाउप्टमान यांनी फेनोबार्बिटोनचा उपयोग दाखविला. १९२९ साली हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतील विजेचा आलेख प्रसिद्ध केला. १९३८ साली मेरिट आणि पुटनम यांनी फेनिटॉइन आणले. ही सर्व प्रगती फेफऱ्याच्या बाजूची. बिचाऱ्या झिटेकडे पाहण्यास शास्त्रास सवड झाली ती हळूहळू.

झिटेचे मर्म मेंदूत नसून रक्ताभिसरणात आहे. आपण उभे राहतो तेव्हा पृथ्वीच्या ओढीने रक्त पायांकडे उतरते. हृदय आणि रक्तवाहिन्या आवळून ते वर राखतात. फार वेळ उभे राहणे, ऊन, उपास, भीती, वेदना अथवा रक्ताचे दर्शन यांनी काही जणांत ही व्यवस्था उलटते : रक्तवाहिन्या सैल पडतात, व्हेगस नावाची नस हृदयाची गती मंद करते आणि मेंदूस रक्त पुरेनासे होते. सहा-आठ सेकंद रक्त थांबले तरी शुद्ध जाते. सर टॉमस लुईस यांनी १९३२ साली या प्रकारास 'व्हेसोव्हेगल सिंकोपी' हे नाव रूढ केले. त्यापूर्वी १९०७ साली सर विल्यम गॉवर्स यांनी अपस्माराच्या सीमाप्रदेशावर एक स्वतंत्र पुस्तकच लिहून झीट, भोवळ वगैरे शेजारी-पाजारी त्यात गोळा केले होते. एक तिसरा शेजारी मात्र घातकी आहे. हृदयाच्याच दोषाने, त्याची गती थांबून अथवा बिघडून, माणूस पूर्वसूचना नसता कोसळतो. डब्लिनच्या ॲडम्स यांनी १८२७ साली आणि स्टोक्स यांनी १८४६ साली तो वर्णिला. त्यावर शरीरात बसविण्याचा गतिदाता १९५८ साली स्वीडनमध्ये प्रथम बसविला गेला. म्हणून पळता-पळता अथवा श्रम करताना जो पडतो, किंवा ज्याच्या घरात कोणी तरुणपणी अकस्मात गेले आहे, त्याच्या हृदयाचा आलेख विनाविलंब काढावा, असे वैद्य आग्रहाने सांगतात.

आता पडलेल्या माणसाचे पहा. पडण्याने त्याचे डोके हृदयाच्या पातळीस येते आणि मेंदूस रक्त मिळते. पडणे हाच झिटेचा उपाय आहे, निसर्गाने योजलेला. आणि आम्ही त्या मुलीला उचलून खुर्चीवर बसविले होते.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांस "झटके आले, डोळे फिरले" एवढेच सांगण्यात आले. त्यांनी फेनोबार्बिटोन सुरू केले. मुलगी वर्गात पेंगू लागली. दहावीस बसलीच नाही. १९९० साली तिचे लग्न ठरत आले तेव्हा मुलाकडची मंडळी रीतीप्रमाणे चौकशीस आली आणि शाळेतले गुरुजी म्हणून माझ्याकडे आली. मी खोटे बोलावे असे मला वाटले नाही. मी सांगितले, "एकदा शाळेत फिट आली होती, गोळ्या चालू आहेत." मी सत्य सांगत आहे अशी माझी खात्री होती! त्यांच्यातला एक वडीलधारा कोर्टकचेरीत वावरलेला होता. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली दुरुस्ती होऊन, वेडाच्या अथवा अपस्माराच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांची व्यक्ती विवाहास पात्र नाही असे कलम आले होते. 'वारंवार' या शब्दाकडे कोणी पाहिले नाही. सोयरीक मोडली.

पुढल्या वर्षी तिचे वडील आणि मी तिला घेऊन पुण्यास एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आलेखाचा कागद बाजूस ठेविला आणि पहिला प्रश्न केला, "पडताना प्रत्यक्ष कोणी पाहिले?" मी हात वर केला. मग पाऊण तास त्यांनी मला, शिक्षकाने विद्यार्थ्यास विचारावे तसे विचारले. ती उभी होती की बसलेली? किती वेळ? चेहरा पांढरा पडला की काळानिळा झाला? घाम होता? झटके पडल्याबरोबर आले की काही वेळाने? जीभ कडेने चावली होती? शुद्धीवर आल्यावर तिने तुम्हांला ओळखले, की अर्धाएक तास भ्रमिष्टासारखी पाहत राहिली? पुन्हा कधी, झोपेत वगैरे, असे झाले? तेव्हा मला सात वर्षांपूर्वीचा तो प्रश्न आठवला : "गुरुजी, झेंडा झाला का?" डॉक्टर म्हणाले, "फेफऱ्यातून उठलेली मुलगी असे विचारीत नाही. तिला आपण कोठे आहोत हेही क्षणभर कळत नाही." मग त्यांनी शांतपणे आणखी एक गोष्ट विचारली, "तिला आडवे कोणी केले, आणि केव्हा?" मी खुर्चीची हकीकत सांगितली. ते काही वेळ बोलले नाहीत. ताठ बसवून ठेविल्यास मेंदूस रक्त मिळत नाही आणि झिटेतही झटके येतात, एवढेच ते शेवटी म्हणाले.

चरकाचे 'बीभत्स चेष्टांवाचून' हे लक्षण येथे तोकडे पडते आणि त्याचेच 'लवकर शुद्धीवर येतो' हे लक्षण टिकते. तीन वर्षांनी, १९९४ साली, बर्लिनमधील लेम्पर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी तरुणांस मुद्दाम झीट आणवून त्यांची चलच्चित्रे घेतली. ज्या ४२ जणांची शुद्ध पूर्ण हरपली त्यांपैकी सुमारे ९० टक्क्यांच्या अंगास झटके आलेले दिसले. अर्थात ते झटके थोडे, विस्कळीत आणि काही सेकंदांचेच असतात. फेफऱ्यातले झटके तालबद्ध असून मिनिट-दोन मिनिटे चालतात. ते पाच मिनिटांहून अधिक चालले तर रोग्यास इस्पितळात न्यावे. तोंडात चमचा, किल्ली वा बोट घालू नये. रोग्यास कुशीवर वळवावे. आणि झीट असल्यास पाठीवर निजवून पाय उंच करावेत. हे एवढे शाळेच्या फळ्यावर लिहिता आले असते.

येथे एक शंका मला सतावते ती बोलून दाखवितो. पुण्याहून परतताना एसटीत तिचे वडील पुन्हा पुन्हा म्हणत होते, "फेफरे नव्हते, सुटलो!" मला ते ऐकवेना. कारण ज्यास खरोखर फेफरे आहे त्याने कोणता गुन्हा केला आहे? योग्य औषधाने बहुसंख्य रोग्यांचे झटके आटोक्यात राहतात. कायद्यातला 'अपस्मार' हा शब्दही १९९९ साली काढून टाकण्यात आला. विहिरीत गेलेला तो तरुण आजाराने जितका गेला, तितकाच लाजेने गेला.

डॉक्टरांनी बजाविले होते, की इतकी वर्षे घेतलेल्या गोळ्या एकदम सोडावयाच्या नाहीत; त्या हळूहळू उतरवीत नेण्यात कित्येक महिने गेले. तिला पुन्हा कधी तसा त्रास झाला नाही. एकदा लेकीचे कान टोचताना रक्त पाहून झीट आली, तेव्हा तिची तीच खाली निजली म्हणे.

मी त्या मुलाकडच्या मंडळींकडेही जाऊन आलो. त्यांनी चहा दिला, माझे सर्व ऐकून घेतले आणि मुलाचे लग्न मागेच दुसरीकडे झाल्याचे सांगितले. तिचा विवाह पुढे चार वर्षांनी झाला. तिच्या वडिलांनी मला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. उलट ते हयात असेपर्यंत दर दिवाळीनंतर डोंगरातल्या नव्या तांदळाची पायली घेऊन माझ्या दारी येत. ती मला घेववत नसे आणि नको असेही म्हणवत नसे.